दोन सेंटिमीटरची हवा : दुकानाचा खर्च उतरवण्याच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमी. आई आणि पॅकिंगच्या मावशी पोद्दारेश्वर मंदिराची शोभायात्रा पाहायला गेल्या. खोलीत मी एकटीच, म्हणून आमच्या नागपूरच्या मसाला-कुरड्यांच्या ऑनलाइन दुकानाचा मार्चचा हिशेब एकदाचा काढला.

४२० ऑर्डर, सरासरी ४६० रुपयांच्या, जीएसटी सोडून. "एवढं विकून हाती काय राहते?" असं दादाने, माझ्या चुलतभावाने, मागच्या आठवड्यात विचारलं, तेव्हा मी "बऱ्यापैकी" म्हणून वेळ मारून नेली होती. बऱ्यापैकी म्हणजे ऑर्डरमागे ३१ रुपये, हे आज कळलं.

मालाचा खर्च (मिरची, धणे, गहू, कांडप, पाऊच) १९० च्या आसपास पडतो. तो या नोंदींत धरत नाही. मसाल्यात काटकसर करायची नाही असं आईने आधीच बजावून ठेवलंय, आणि तिचं बरोबर आहे. सावजी मसाला पातळ झाला की गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. बाकीचा चालू खर्च असा: कुरियर ४१,२९४, पॅकिंगचं सामान ९,४५०, पेमेंट गेटवे (साइटवर ऑनलाइन पैसे घेण्याची सोय) २,३२०, वेबसाइट आणि तिची ॲपं ७,६४०, एसएमएस-व्हॉट्सॲप २,१५०, वीज ३,३८०, जाहिराती १२,०००, मानेवाड्यातल्या या खोलीचं भाडं ८,०००, मावशींचा पगार १४,०००. बेरीज १,००,२३४. भागिले ४२०, म्हणजे २३९.

दिवाळीच्या आधी हा आकडा २०० च्या आत आणायचा. जे करीन ते इथे लिहीन, फसलं तरी.

९ एप्रिल, बुधवार

सोप्यापासून सुरुवात. दादा रात्री साडेनऊला लॅपटॉप घेऊन आला आणि आम्ही वेबसाइटच्या ॲपांची यादी काढली. "थांबा! जाऊ नका!" म्हणत समोर उडी मारणाऱ्या खिडकीचे महिन्याला १,२४० रुपये जात होते.

"हे कोनं लावलं?"
"तूनंच. मागच्या दिवाळीत."

तो गप्प. खिडकी बंद. अभिप्राय गोळा करणारं ८३० चं ॲप बंद, कारण लोक व्हॉट्सॲपवरच "मस्त होता मसाला" लिहितात आणि त्याचा फोटो आम्ही साइटवर टाकतो. साठा जुळवणारं ९०० चं ॲप दोन दुकानं असणाऱ्यांसाठी असतं, आपलं एकच. तेही बंद. मेलची यादी चाळली: वर्षभरात एकही मेल न उघडलेले पत्ते काढल्यावर आपण खालच्या टप्प्यात आलो, १,६६० चे ८३० झाले. बॅकअपचे ४१० मात्र ठेवले. दादाला तेही नको होते. मी ऐकलं नाही. २०२३ मध्ये एकदा सगळ्या उत्पादनांचे फोटो उडाले होते तेव्हा रात्रभर मीच बसले होते, तो नव्हता.

७,६४० वरून ३,८४०. पाऊण तासात. दोघांनाही फार मोठं काही केल्यासारखं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार

ॲपं काढली तरी साइट हळूच. दादा म्हणतो, ॲप उडवलं तरी त्याने थीममध्ये टाकलेला कोड तसाच राहतो आणि पान उघडताना नसलेल्या ॲपला हाक मारत बसतो. हाताने काढला. त्याच बैठकीत मुखपृष्ठावरचा मिरच्यांचा ४ एमबीचा फोटो २०० केबीचा केला. मिरच्या तेवढ्याच लाल दिसतात.

१५ एप्रिल, मंगळवार

सीएंकडे गेले होते. वेबसाइटची बिलं पाहून त्यांनी चष्मा वर केला. "यावर तुमचा जीएसटी नंबर कुठं आहे?"

नव्हता. कधीच नव्हता. परदेशी कंपनीला आपण नंबर दिला नाही तर ती आपल्याला साधं गिऱ्हाईक समजून १८ टक्के लावते आणि त्याचं क्रेडिट, म्हणजे आपल्या करातून वजावट, आपल्याला मिळत नाही. नंबर दिला की ती कर लावत नाही, आपणच रिव्हर्स चार्जने भरायचा आणि त्याच विवरणपत्रात क्रेडिट घ्यायचं. राज्याबाहेर माल पाठवायचा म्हणून उलाढाल ४० लाखांच्या खूप आत असूनही आम्ही पहिल्या दिवसापासून जीएसटी नोंदणी घेतली, दर महिन्याला विवरणपत्र भरतो, आणि सेटिंगमधला एक रकाना दोन वर्षं रिकामा. घरी येऊन पाच मिनिटांत भरला. गेलेले गेले.

१९ एप्रिल, शनिवार

आजची नोंद लांब होणार.

कुरियरचं मार्चचं बिल एक्सेलमध्ये उघडून ओळ न ओळ पाहिली. आतापर्यंत मी फक्त खालची बेरीज पाहून पैसे भरत होते. दर आहे पहिल्या अर्ध्या किलोला ५२ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ३४. आमची सगळ्यात जास्त जाणारी ऑर्डर म्हणजे मसाल्याचे २०० ग्रॅमचे दोन पाऊच. मावशींच्या काट्यावर भरलेला डबा ठेवला: ४७८ ग्रॅम. म्हणजे ५२ रुपये लागायला हवेत. बिलात सगळीकडे ८६.

वजनाचा रकाना पाहिला तर ०.६०. हे ०.६० आलं कुठून? कुरियरवाल्या पोराला फोन केला. तो म्हणे, "ताई, ते व्हॉल्यूमेट्रिक आहे." लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५,०००, जे उत्तर येईल ते किलो. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्यावर पैसे. गाडीत जागा किती खाल्ली त्याचं भाडं. करारात दुसऱ्याच पानावर लिहिलेलं आहे, सही माझी आहे.

आमचा डबा २०×१५×१०. म्हणजे ३,०००. भागिले ५,००० म्हणजे ०.६. हे ०.५ च्या वर, म्हणून एक किलोचा स्लॅब. आता डबा उघडून आत पाहिलं. दोन पाऊच आडवे ठेवले की वर बोटभर पोकळी उरते आणि त्या पोकळीत मावशी रोज इमानदारीने कागदाचे बोळे कोंबतात. पोकळीचं भाडं ३४ रुपये, आणि बोळ्याचा कागद वर.

उंची १० ची ८ केली तर २,४००, म्हणजे ०.४८. पहिला स्लॅब. दोन सेंटिमीटर.

मार्चच्या ४२० पार्सलांपैकी २३१ दुसऱ्या स्लॅबची होती. त्यातल्या १७८ चं खरं वजन अर्ध्या किलोच्या आत होतं. १७८ गुणिले ३४, म्हणजे ६,०५२ रुपये. एका महिन्याचे. नुसत्या हवेचे. परवा ॲपं बंद करून आम्ही दोघं बहीण-भाऊ किती खूश झालो होतो!

२२ एप्रिल, मंगळवार

मावशींना गणित समजावलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, मग कटर उचलला. डब्याच्या चारही कोपऱ्यांना वरून दोन सेंटिमीटर खाली चीर दिली, पट्टीच्या धारेने घडी पाडली, झाकण खाली दाबलं. आठचा डबा तयार. "एवढंच ना?"

एवढंच. पण एका डब्याला चार मिनिटं लागतात. ३० डबे असे करून पाठवले, फक्त चाचणीसाठी.

२९ एप्रिल, मंगळवार

३० पैकी २८ पार्सलं ५२ रुपयांत गेली. दोन फुगली होती, ती ८६ मध्येच.

दुपारी इतवारीत जाऊन नव्या डब्यांची ऑर्डर दिली. थ्री-प्लाय, ९ रुपये नग, किमान ५००. कागदावर लिहून दिलं: २०×१५×८. ऊन ४३ चं, गल्लीत सावली नाही, पण काम झालं म्हणून बरं वाटलं. उद्या अक्षय तृतीया, आईने शुभशकुन धरला.

७ मे, बुधवार

डबे आले. सुंदर आहेत. फक्त चुकीचे आहेत.

बाहेरून मोजले तर २०.६×१५.६×९.२. हिशेब केला: ०.५९. म्हणजे पुन्हा एक किलो. मी तावातावाने इतवारीत फोन लावला. पलीकडचे काका शांतपणे म्हणाले, "ताई, आम्ही माप आतलंच घेतो. माल आतमंदी जाते ना, बाहेर थोडी."

त्यांचं शंभर टक्के खरं आहे. डबेवाला आतून मोजतो, कुरियरवाला बाहेरून, आणि या दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याची जाडी आहे. थ्री-प्लाय पुठ्ठा साधारण तीन मिलिमीटरचा. लांबी-रुंदीला दोन भिंती, म्हणजे सहा मिलिमीटर वाढले. उंचीला मात्र वर दोन पदर आणि खाली दोन पदर झाकणाचे, म्हणजे चार वेळा तीन, बारा मिलिमीटर. दोन सेंटिमीटर वाचवायला निघाले आणि सव्वा सेंटिमीटर पुठ्ठ्यानेच खाल्ला.

४,५०० रुपयांचे ५०० डबे खोलीत उभे आहेत. दादाने सुचवलं की नागपुरातल्या ऑर्डर यांतून द्यायच्या. त्या आपण स्कूटरवर देतो, तिथे माप कोण काढतं. ठीक. संपायला वर्ष लागेल.

१० मे, शनिवार

नवीन माप: आतून १९×१४×७. बाहेरून १९.६×१४.६×८.२ होईल, म्हणजे ०.४७. यावेळी ५०० च्या आधी १० नमुने मागितले. काका थोडे हसले, पण दिले.

दोन पाऊच बसतात, अगदी नेमके. बोळ्याला जागा नाही. टेप ताणून लावली की मधे फुगवटा येतो, म्हणून मावशींनी पाऊचमधली हवा आधी दाबून काढायची पद्धत सुरू केली. त्यांनी भिंतीवर पेन्सिलने ८.२ ची खूण केली आहे. डबा बंद झाला की खुणेशी उभा करून पाहतात. प्रत्येक पार्सलाचा पट्टीसकट फोटोही काढतो, कुरियरच्या हबवर वेगळं माप निघालं तर दाखवायला.

१४ मे, बुधवार

सीओडी. मार्चमध्ये १६८ ऑर्डर घरपोच पैशांच्या होत्या आणि त्यातल्या ३५ परत आल्या. कुरियरच्या भाषेत आरटीओ. बाबांना मी "३५ आरटीओ झाले" म्हटलं तर ते म्हणाले, गाडी कोणाची पकडली?

परत आलेल्या एका पार्सलाचा हिशेब: जाताना ८६, सीओडीची फी ३५, येताना ७६. एकूण १९७ रुपये, आणि डबा चेपलेला. मसाला न विकता. कारणं तीच: "घेणारे घरी नाहीत", "ऑर्डर केलीच नव्हती", "फोन लागत नाही".

दादा म्हणतो, सीओडीच बंद कर. मला ते पटत नाही. आमचं निम्मं गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांच्या आया आणि सासवा. त्यांना माल हातात आल्यावर पैसे द्यायची सवय आहे आणि त्या माल परत पाठवत नाहीत. परत येतात ती रात्री एक वाजता मोबाइल चाळताना झालेली.

म्हणून दोन गोष्टी ठरल्या. आधी पैसे भरणाऱ्याला २० रुपये सूट. आणि सीओडीच्या प्रत्येक ऑर्डरला पाठवण्याआधी एक फोन. फोन आई करणार.

१७ मे, शनिवार

आईचा पहिला फोन २२ मिनिटं चालला. समोरची बाई मूळची उमरेडची निघाली, सध्या ठाण्यात. ऑर्डर ३४९ ची होती, ती ९१० ची झाली आणि पैसे तिने तिथल्या तिथे यूपीआयने टाकले. "मी काही विकलं नाही," आई म्हणाली. "फक्त इचारलं, मटन कोणत्या तेलात करता म्हणून."

२१ मे, बुधवार

कुरड्या. आमचं सगळ्यात हलकं आणि सगळ्यात जागाखाऊ सामान. अर्धा किलो कुरड्यांना २५×२०×१५ चा डबा लागतो: ७,५००, म्हणजे दीड किलो, म्हणजे १२० रुपये. मार्चमध्ये असे ४५ डबे गेले. आणि एवढं भाडं देऊनही पोचेपर्यंत चौथा हिस्सा तुटलेला.

आईला सांगितलं, कुरडई लहान पाड. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काही पाप बोलले.

"कुरडई का डब्याच्या मापानं पाडते कोणी?"

आज पहाटे पाचला गच्चीवर होतो. तीन दिवस भिजवून, वाटून काढलेला गव्हाचा चीक रात्रीच निवळला होता. आईने तो शिजवला, हिंग-मीठ घातलं, सोऱ्यात गरम-गरम भरला. तिचा हात नेहमीप्रमाणे मोठा फिरला, चांगली वीतभर कुरडई. मग मी पुठ्ठ्यातून कापलेलं ९ सेंटिमीटरचं गोल कडं प्लास्टिकवर ठेवलं. दुसरी तिने त्यात पाडली. तिसरीही. दहाव्या कुरडईनंतर कडं बाजूला सारून म्हणाली, "राहू दे, आलं हातात." आणि खरंच, त्यापुढच्या सगळ्या बिनकड्याच्या नऊच्या पडल्या. सात वाजेपर्यंत ऊन चटका द्यायला लागलं होतं. संध्याकाळी कडकडीत वाळल्या.

लहान कुरडईचे वेढे घट्ट बसतात, एकीवर एक चार चळती उभ्या राहतात. आतून १८×१८ चा डबा, बाहेरून १८.६×१८.६×१३.८, म्हणजे ०.९५. एक किलोत. ८६ रुपये. तळल्यावर फुलते तेवढीच, आईने लगेच तळून पाहिली; त्याशिवाय तिने पुढचा घाणा घेतलाच नसता.

तुटलेल्यांचं मावशींनी सुचवलं. कुरडईची भाजी करतात ती चुऱ्याचीच, मग चुरा वेगळा का विकू नये? २५० ग्रॅमचा पाऊच, मसाल्याच्या डब्यात बसतो. आतापर्यंत हा चुरा आम्हीच खात होतो, आठवड्यातून दोनदा.

२५ मे, रविवार

नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. खोलीतला एसी हा विजेच्या बिलाचा राक्षस. नागपुरात सरळ उपाय म्हणजे कूलर, वाळ्याच्या ताट्या लावा आणि विसरा. पण कूलरची दमट हवा पॅकिंगच्या खोलीत चालत नाही. मागच्या वर्षी चार दिवस लावला तर मिरचीपूड गाठाळली आणि कुरड्या लवचीक झाल्या.

मावशीच म्हणाल्या, "ताई, मी सहाला येते ना. दहाला घरी. मलेही बरं, दुपारचं ऊन डोक्यावर घ्या लागत नाही." उद्यापासून पॅकिंग सकाळी सहा ते दहा, फक्त पंख्यावर. एसी बंद.

४ जून, बुधवार

गेटवेचे दोन टक्के वाचवायचे म्हणून आजपासून साइटवर आपला क्यूआर. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर (दुकानदाराकडून पेमेंटमागे कापली जाणारी फी) शून्य आहे, तरी गेटवे त्याची प्लॅटफॉर्म फी घेतंच.

१२ जून, गुरुवार

क्यूआर काढला, गेटवे परत लावलं. आठ दिवसांत कोणाचे पैसे कुठल्या ऑर्डरचे ते जुळवण्यात रोजचे दोन तास जात होते. नवऱ्याच्या खात्यातून पैसे, बायकोच्या नावाने ऑर्डर, मुलाचा फोन नंबर. शिवाय एका गृहस्थाने जुन्याच पेमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला आणि मी माल रवाना केला. ५६० रुपये गेले. गेटवेचे दोन टक्के मला आता महाग वाटत नाहीत.

१८ जून, बुधवार

जाहिरात तीन आठवडे पूर्ण बंद ठेवून पाहिली होती. ऑर्डर लगेच रोडावल्या. आता ८,००० ने पुन्हा सुरू, पण सगळ्या देशाला दाखवायची नाही. पुणे, मुंबई-ठाणे, बंगळुरू, हैदराबाद एवढीच. वैदर्भीय माणूस जिथे घर सोडून राहतो तिथे सावजीची आठवण विकायला फारसं बोलावं लागत नाही. धरमपेठेतल्या माणसाला जाहिरात दाखवून काय उपयोग, त्याच्या कोपऱ्यावर भोजनालय आहे.

२३ जून, सोमवार

भाड्याचे ८,००० वाचवायला घरच्या वरच्या खोलीत जावं का, यावर घरात मोठी चर्चा. घराच्या एका भागातून धंदा करणाऱ्याला महावितरणचा घरगुतीच दर लागू होतो, पण वापर महिन्याला ३०० युनिट आणि आधीच्या वर्षात ३,६०० युनिटांच्या आत हवा. आमच्या घरी दोन कूलर आणि बाबांचा एसी. मे महिन्यात ४१० युनिट आले. शिवाय एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या धंद्याचा, परवाना आहे, त्यावर आणि जीएसटीवरही पत्ता बदलावा लागेल. आणि घरभर मिरचीची धांस. बाबांनी फक्त शिंक दिली, तेच त्यांचं मत. विषय बंद.

१ जुलै, मंगळवार

आजपासून व्हॉट्सॲपचं बिल संभाषणामागे नाही, टेम्प्लेटच्या प्रत्येक संदेशामागे. जाहिरातीचा संदेश सगळ्यात महाग. गिऱ्हाइकाने स्वतः लिहिल्यावर २४ तासांत दिलेलं उत्तर मात्र फुकट. म्हणून सणासुदीचे "नमस्कार, आमच्याकडे नवीन…" बंद. पार्सलाच्या कार्डावर एक ओळ छापली: मसाला कसा झाला ते या नंबरवर कळवा. लोक लिहितात, आई उत्तर देते. बहुतेकांना उत्तर मिळालं की पुढची ऑर्डर तिथेच.

११ जुलै, शुक्रवार

या आठवड्यात पावसाने झोडपलं. आणि माझी एक हुशारी उघडी पडली.

जूनमध्ये मी डब्यावरची पॉली बॅग बंद केली होती. नगाला अडीच रुपये, महिन्याचे हजारभर. डबा मजबूत आहे, वर प्लास्टिक कशाला, असा माझा थाट. पुठ्ठा पाणी पितो हे मला मानेवाड्याच्या उन्हात आठवलं नाही. सहा पार्सलं भिजली. पाऊचमधला मसाला शाबूत होता, पण डब्याचा लगदा झालेला पाहून कोण स्वयंपाकात वापरेल? सहाही गिऱ्हाइकांना नवीन पाठवलं. एका बाईंनी लगद्याचा फोटो पाठवून लिहिलं, "ताई, तुमचा डबा आंघोळ करून आला." बॅग परत सुरू.

२ ऑगस्ट, शनिवार

जुलैचा हिशेब. ऑर्डर ४०८.

कुरियर ३०,०३२. दुसऱ्या स्लॅबमध्ये २३१ च्या जागी ९६ पार्सलं, दीड किलोत ४५ च्या जागी २२. सीओडी १६८ वरून ९२, परत आलेली ३५ वरून ११. पॅकिंग ७,७५०. गेटवे वाढलं, २,९१०, कारण आधी पैसे भरणारे वाढले. वेबसाइट ३,८४०, संदेश ६४०, वीज २,२४०, जाहिराती ८,०००, भाडं ८,०००. मावशींचा पगार १५,५००. हा मी जूनपासून वाढवला आहे. भिंतीवरची पेन्सिलची खूण, पहाटेची पाळी, चुऱ्याचा पाऊच, तिन्ही त्यांचे.

बेरीज ७८,९१२. भागिले ४०८, म्हणजे १९३.

दादाला फोन केला. "दोनशेच्या आत आलो!" तो दोन मिनिटं काही बोलला नाही, की-बोर्डचा आवाज येत होता. मग म्हणे, "आधी पैसे भरणारे ३१६. त्यांना २०-२० रुपये सूट देऊन राहिली तू. ६,३२०. ते कुठं धरले?"

धरले नव्हते. सूट म्हणून विक्रीतून आधीच वजा केली आणि खर्चात आणलीच नाही. ऑर्डरमागे साडेपंधरा रुपये. म्हणजे २३९ वरून १९३ नाही, खरं म्हणजे २०९. चुलतभाऊ अकाउंट्सच्या नोकरीत असला की असं होतं.

सूट आता २० वरून १० करून पाहते. अडीच महिन्यांत आईच्या फोनची सवय लोकांना लागली आहे. बहुधा सवलतीपेक्षा त्या फोनमुळेच पैसे आधी येत असावेत. कळेलच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सूट १० केल्यावर दहा दिवस झाले. आधी पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ तेवढंच.

भामरागडहून दोन ऑर्डर आल्या. आमचं कुरियर तिथे जात नाही, म्हणून टपालाने पाठवल्या. १ सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन होणार, असं खिडकीवरच्या काकूंनी सांगितलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

तान्हा पोळा. पिकअप दुपारनंतर, मारबतीच्या (इडा-पिडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या) मिरवणुकीमुळे इतवारी-महालाकडे गाडी शिरूच शकत नाही. मावशी जागनाथ बुधवारीतून पिवळी मारबत पाहून थेट खोलीवर आल्या. मी विचारलं, काय मागितलं? म्हणाल्या, "सगळे ओरडत होते, इडा पिडा घेऊन जा गे मारबत. म्या म्हटलं, ते फुगलेले डबेही घेऊन जा."

२५ ऑगस्ट, सोमवार

दिवाळीच्या भेट-डब्याचा नमुना इतवारीहून आला. काकांनी यावेळी न सांगता दोन मापं लिहून पाठवली आहेत, आतलं आणि बाहेरचं. बाहेरचं २४.५×१९.५×१०, म्हणजे ०.९६. भरून वजन ९२० ग्रॅम. एक किलोत बसतो.

मावशींनी टेप मारली आणि मधोमध पट्टी टेकवली. फुगवटा ४ मिलिमीटर. पुन्हा गुणाकार: ०.९९.

काकांना फोन करून उंची अर्धा सेंटिमीटर कमी सांगितली.